बट कुणाच्या मापाचा?



आपल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर सध्या दोन फळ्या पडल्या आहेत. एक फळी जुन्यांची. त्यांचं म्हणणं, लाकडाच्या बटाची सर कशालाच नाही. थ्री-नॉट-थ्री खांद्याला लावली की गोळी सांगितल्या जागी जायची, आताच्या बंदुका म्हणजे जत्रेतली खेळणी. दुसरी फळी नव्या पोरांची. ती परदेशी स्नायपर रायफलींचे फोटो टाकते. लाकूड नाही, प्लॅस्टिक नाही, नुसता काळ्या ॲल्युमिनियमचा सांगाडा. ट्रकची असते तशी चासी, तिच्यात नळी आणि बोल्ट बसवलेला. पोरं म्हणतात, ही चासी आमच्या जवानाच्या हातात द्या आणि मग नेमबाजी बघा.

मी दोन्ही फळ्यांच्या विरोधात लिहितोय. लाकूड की ॲल्युमिनियम, हा प्रश्न खरा आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की तो बट ज्याच्या खांद्याला लागणार, त्याच्या मापाचा आहे का? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाला पडत होता. आज आपल्यातल्या कुणाला पडलेला दिसत नाही, आणि माझा राग त्याच्यावर आहे.

सध्या माझं पोस्टिंग कुंभकोणमला, एनसीसी बटालियनमध्ये, पी.आय. स्टाफवर. कावेरीकाठचा सुपीक मुलूख, वीतभर अंतरावर देऊळ आणि पितळी डबऱ्यात मिळणारी कडक डिग्री कॉफी. भोसल्यांचं तंजावर राज्य १८५५ मध्ये खालसा झालं, पण घरात मराठी बोलणारी कुटुंबं या भागात अजून आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म याच गावातला, १८२८ चा. इथून साधारण नव्वद किलोमीटरवर तिरुचिरापल्लीला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, १९६६ पासूनची. त्रिची असॉल्ट रायफल तिथलीच. म्हणजे बंदुकीच्या गप्पा मारायला मुलूख काही परका नाही.

इथे माझ्या हाताखाली कॉलेजची पोरंपोरी पॉइंट टू-टू रायफलवर पंचवीस यार्डांवर फायरिंग शिकतात. त्यांतली एक मुलगी चार फूट अकरा इंचांची. लायिंग पोझिशन घेतली की बट तिच्या खांद्याच्या खोबणीत बसायचाच नाही, दंडावर घसरायचा. ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून ती सगळा खांदा पुढे ढकलायची. गाल बटावर टेकायचा नाही, मान ताणून हवेत. ग्रुप पडायचा ताटलीएवढा. बघणाऱ्यांपैकी एकाने निकाल दिला, "हात कापतोय, हिच्याकडून होणार नाही." मी तिलाच विचारलं, काय अडतंय? ती म्हणाली, "रोम्ब नीळम, सार." फार लांब आहे, सर.

तिने चार शब्दांत सांगितलं ते आमच्या ग्रुपवर दोनशे मेसेजमध्ये कुणी बोललं नाही. बंदूक लांब होती. हात कापत नव्हता.

आता हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय ही भांडणं नुसती तोंडपाटीलकी होतात. समजा मागची साइट आणि पुढची साइट यांच्यात अर्धा मीटर अंतर आहे. गाल नीट टेकलेला नाही, डोळा दर वेळी जरा वेगळ्या जागी येतोय, आणि त्यामुळे पुढच्या साइटची टोक मागच्या साइटच्या मध्यापासून एकच मिलिमीटर सरकली. अर्ध्या मीटरमागे एक मिलिमीटर, म्हणजे पाचशेला एक. पंचवीस मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर बाजूला. शंभर मीटरवर वीस. तीनशे मीटरवर साठ सेंटिमीटर, म्हणजे समोरचा माणूस पूर्ण वाचला.

आता चासीचा हिशेब. नेमबाज अचूकता 'मिनिट'मध्ये मोजतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, शंभर मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. समजा एखाद्या रायफलला ढिल्या लाकडातून काढून उत्तम चासीत बसवलं आणि तिचा ग्रुप अर्ध्या मिनिटाने सुधारला. हे मी उदार मनाने धरतोय. पंचवीस मीटरवर अर्धा मिनिट म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटर. तीनशे मीटरवर साडेचार सेंटिमीटरच्या आत. एका बाजूला साठ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला साडेचार. साठ सेंटिमीटरची गळती मानेत, गालात आणि खांद्यात आहे, आणि आपण साडेचार सेंटिमीटरसाठी परदेशी कॅटलॉग चाळतोय. छप्पर उडालेल्या घराला रंग कुठला द्यायचा, यावर हा वाद आहे.

स्टॉकची कामं दोन. पहिलं काम लोखंड धरायचं. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते आणि रायफल मागे येते. दर गोळीला लोखंड स्टॉकमध्ये तिथल्या तिथे, तेवढ्याच दाबाने बसलेलं राहिलं, तर थरथर दर वेळी सारखी, आणि गोळ्या जवळजवळ. स्टॉकचे स्क्रू ढिले असले, लाकूड एका बाजूला फुगून नळीला टेकलं, की थरथर बदलते आणि ग्रुप सरकतो. दुसरं काम माणूस धरायचं. खांदा, गाल, मूठ आणि डोळा हे चारही दर वेळी त्याच जागी यावेत, त्यासाठी बट योग्य लांबीचा आणि योग्य उंचीचा हवा. आपल्या उस्तादांनी घोकून घेतलेले उसूल आठवा : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम. यातली पहिली पकड बटाच्या मापावर उभी आहे, आणि पकड चुकली की पुढच्या दोन्ही गोष्टी चुकतात.

लाकडाची आणि चासीची लढाई फक्त पहिल्या कामाची आहे. त्यात मी लाकूडवाल्यांची बाजू घेणार नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं, वाळलं की आकसतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. रेषेच्या आडव्या अंगाने जास्त, उभ्या अंगाने अगदी थोडं. म्हणून ते पिळतं. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो तेव्हा खोलीचं दार चौकटीत अडकतं, तसाच रायफलचा स्टॉकही नळीला चिकटू बघतो. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची, पण कारागीर ओलं लाकूड हाताला लावत नाहीत, आधी मुरवतात. वीणा निदान घरात राहते. रायफल रात्रभर दवात पडते, दुपारी उन्हात तापते.

हे सगळ्या फौजांनी पैसे मोजून शिकलंय. आपल्या ईशापूरच्या फॅक्टरीने एनफिल्डच्या पुढच्या लाकडात आरपार एक जादा स्क्रू घातला, लाकूड तडकू नये म्हणून. जगभरचे बंदूकवेडे त्याला आजही 'ईशापूर स्क्रू' म्हणतात. अमेरिकन मरीननी १९६६ मध्ये व्हिएतनामसाठी एम४० ही स्नायपर रायफल लाकडी स्टॉकमध्ये नेली. तिथल्या दमटपणात स्टॉक पिळवटले, आणि १९७० च्या दशकात एम४०ए१ आली ती फायबरग्लासच्या स्टॉकमध्ये. तेव्हा जुन्या मंडळींनी लाकडाची आरती थोडी कमी ओवाळावी. लाकूड हाताला ऊबदार लागतं हे खरं. कागदावरचा ग्रुप मात्र ऊब मोजत नाही.

चासीचंही खरं ते सांगतो. ॲल्युमिनियम पाणी पीत नाही. खोबण मशीनवर कापलेली, त्यामुळे रायफल खोलून पुन्हा बसवली तरी झिरो फारसा हलत नाही. नळी मोकळी लटकते, कशाला टेकत नाही. ही कल्पना पक्की रुजवली ब्रिटनच्या अॅक्युरसी इंटरनॅशनलने. त्यांच्या रायफलमध्ये आतला सांगाडा ॲल्युमिनियमचा, लोखंड त्याच्यावर पक्कं बसवलेलं, आणि बाहेरून प्लॅस्टिकच्या दोन साली. ब्रिटिश सैन्याने १९८० च्या दशकात ती एल९६ या नावाने घेतली. कंपनीच्या संस्थापकांपैकी माल्कम कूपर हा १९८४ आणि १९८८ अशा दोन ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं सुवर्ण जिंकलेला गडी. ऑलिंपिकचा नेमबाज स्टॉक बनवायला बसला तर तो लोखंडाबरोबर गालाचाही विचार करणारच.

इथे पोरांचं चुकतं. त्यांना फोटोत चासी दिसते, म्हणून ती चासीला श्रेय देतात. अमेरिकन सैन्याची एम२४ आणि तिच्यापासून घडवलेली एम२०१० घ्या. जुनी रायफल साध्या दिसणाऱ्या स्टॉकमध्ये, नवी चासीत, आणि नवीची मार लांबची. पोरं म्हणतात, बघा चासीची करामत! अरे बाबांनो, त्या बदलात नळी नवी बसवली, काडतूस ७.६२ बाय ५१ ऐवजी पॉइंट थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम आलं, दुर्बीण बदलली, सप्रेसर आला. आणि जुन्या एम२४ च्या स्टॉकमध्येही ॲल्युमिनियमचा ठोकळा होताच, फक्त बाहेरून दिसत नव्हता. नवरदेव बदलला, घोडा बदलला, वरातीची वाट बदलली, आणि तुम्ही श्रेय फेट्याला देताय.

चासी नळीत नसलेली अचूकता आणत नाही. असलेली सांडू देत नाही, एवढंच तिचं काम. नळी झिजलेली, दारूगोळा वेगवेगळ्या लॉटचा, ट्रिगर खरखरीत, आणि वर लाखाची चासी चढवली तर कागदावर फरक दिसणार नाही. शिवाय तिची स्वतःची खोडही आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. राजस्थानात दुपारी उघड्या धातूला हात लावून बघा, आणि बर्फात पहाटे त्याच धातूला गाल लावून बघा. ज्यांनी लावलाय ते सांगतील की गाल तिथे टिकत नाही, आणि गाल उचलला की साठ सेंटिमीटरचा हिशेब पुन्हा सुरू.

अजून एक. स्नायपरची रायफल आणि पायदळाची रायफल यांची कामं वेगळी. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले. टॉमीगनचं मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोन शत्रूंना तिच्याच दणक्यांनी संपवलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बटाला हेही काम पडतं. तेव्हा पायदळाच्या प्रत्येक रायफलला नाजूक खुंट्या-चक्र्यांची चासी चढवा म्हणणाऱ्याने आधी माणगावला जाऊन घाडग्यांच्या पुतळ्यासमोर उभं राहावं.

आता लाकूडवाल्यांकडे वळतो, कारण त्यांच्या आठवणीत एक गोष्ट गाळली गेली आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. थ्री-नॉट-थ्री चांगली लागायची, पण का? तिचा बट वेगळा असायचा, पुढच्या लाकडापासून सुटा, एका लांब बोल्टने पकडलेला. आणि तो बट चार मापांत यायचा! नॉर्मल, त्याच्यापेक्षा अर्धा इंच लांब तो लाँग, अर्धा इंच आखूड तो शॉर्ट, आणि एक इंच आखूड तो बँटम. बटावर अक्षर ठोकलेलं असायचं. बँटम हे नावही बघा : पहिल्या महायुद्धात पाच फूट तीन इंचांपेक्षा बुटक्या माणसांच्या ब्रिटिशांनी वेगळ्या बँटम बटालियनी उभ्या केल्या होत्या. माणूस बुटका आहे तर त्याला बट आखूड द्या, ही अक्कल त्या काळच्या लालफितीतही होती. पुढे ब्रिटिशांच्या एसएलआरलाही वेगवेगळ्या लांबीचे बट होते.

गालाचीही तीच कथा. दुसऱ्या महायुद्धात नंबर फोर एनफिल्डला दुर्बीण बसवून स्नायपर रायफल केली. दुर्बीण उंच, त्यामुळे डोळाही उंच हवा. म्हणून बटावर लाकडाची एक गालपट्टी स्क्रूने ठोकली. आजच्या चासीवर जी वर-खाली होणारी गालपट्टी बघून पोरं वेडी होतात, तिची आजी ही. ड्रॅगुनोव्हच्या बटावरची निघणारी गालगादी तर आपल्यातल्या कितीतरी जणांनी हाताळली आहे. म्हणजे जुन्या रायफलची जी खरी पुण्याई, मापाचा बट, ती लाकूडवाले विसरले आणि लाकूड तेवढं धरून बसले.

मग आपण कुठे आलो? इन्सासचा पक्का बट एका लांबीचा. सहा फुटी जाटालाही तोच आणि सव्वापाच फुटी गुरख्यालाही तोच. गंमत म्हणजे माणसं वेगवेगळ्या मापाची असतात हे फौजेला पक्कं ठाऊक आहे. भरतीची किमान उंचीच प्रदेशाप्रमाणे ठरत आली : पंजाब-हरियाणाच्या पट्ट्याला १७० सेंटिमीटर, आपल्या महाराष्ट्राला १६८, तमिळनाडूला १६६, गुरख्यांना १५७. कागदावरच तेरा सेंटिमीटरचा फरक. भरतीच्या पहिल्या आठवड्यात बुटाचं माप घेतात, सहा नंबर की नऊ. टोपीचं घेतात. पँटची कंबर घेतात. ज्या हत्याराच्या भरवशावर तो माणूस जगणार, त्याचं माप तेवढं घेत नाहीत.

आणि आता सबब उरलेली नाही. २०१९ च्या करारातल्या ७२,४०० सिग ७१६ रायफली मागेपुढे सरकणाऱ्या बटाच्या. अमेठीजवळ कोरव्याला तयार होणारी एके-२०३ हीसुद्धा घडी घालता येणाऱ्या, लांबी बदलता येणाऱ्या बटाची. म्हणजे चार मापांची अक्कल परत आली, तीही आर्मररशिवाय, एका खटक्यावर. पण एका युनिटच्या कोतमध्ये मी काय बघितलं ते सांगतो. युनिटचं नाव सांगणार नाही. रॅकमध्ये सगळ्या रायफलींचे बट एकाच खाचेवर, ओळीत, सुतासारखे सरळ. फार देखणं दृश्य. मी विचारलं, ही खाच कुणी ठरवली? उत्तर आलं, "साहब, ऐसे रॅक में अच्छा लगता है." बट जवानाच्या मापाचा करायचा सोडून आपण तो रॅकच्या मापाचा केला.

याची किंमत कोण मोजतो? फायरिंग फेल झालेला जवान. त्याच्या नावापुढे 'कच्चा फायरर' लागतं, केडरला मागे पडतो, प्रमोशन अडतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं त्यालाही खरं वाटायला लागतं की आपला हात कापतो. त्याला कुणी सांगत नाही की तुझ्या बटात एक इंच जादा आहे. लढाईत तर किंमत याहून मोठी, ती इथे लिहायची गरज नाही.

आता आक्षेप. पहिला : "खरा फायरर कुठल्याही बंदुकीने मारतो." हे म्हणणारा माणूस बहुतेक पाच फूट आठ इंचांचा असतो, एकच माप त्याच्या अंगाला बसलेलं असतं आणि त्याला ते स्वतःचं कर्तृत्व वाटतं. जगातल्या खऱ्या फायररना विचारा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून कांस्य आणलं. त्या खेळात दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून, अशा तीन पोझिशन, आणि एकच माणूस असूनही पोझिशन बदलली की हे नेमबाज बटाची मांडणी बदलतात. म्हणजे जगातले सर्वोत्तम हात एका अंगासाठी तीन मापं वापरतात. आणि आपण हजार अंगांना एक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : लढाईत शेजाऱ्याची रायफल उचलावी लागते, तेव्हा सगळ्या सारख्या हव्यात. मान्य. म्हणून तर खटक्याचा बट हवा. उचलली, खटका दाबला, दोन खाचा मागे घेतला, संपलं. ज्याला आपली खाच माहीत आहे तोच हे करू शकतो. ज्याला आयुष्यात कुणी सांगितलंच नाही की आपली खाच तिसरी की चौथी, त्याला सगळ्या रायफली सारख्याच परक्या.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्यावर हसावं की रडावं कळत नाही. माप घ्यायला टेप लागते.

कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर स्वामीमलई आहे. तिथले स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात. तयारीचं काम सुरू होतं नारळाच्या झावळीच्या पातीपासून. मूर्ती जेवढी उंच, तेवढी पात कापायची, आणि तिला घड्या घालून चेहरा, छाती, मांडी यांची मापं काढायची. दर मूर्तीची पात वेगळी. नटराज एवढाच हवा तर त्याची पात एवढी, तेवढा हवा तर तेवढी. जो देव कधी तक्रार करणार नाही त्याचं माप एवढ्या श्रद्धेने घेतात, आणि ज्या पोराला उद्या एलओसीवर उभं करायचंय त्याला आपण म्हणतो, जे मिळालंय त्यात बसव.

म्हणून माझं मागणं फार साधं आहे. नवी रायफल हातात देताना पहिल्या दिवशी जवानाचं माप घ्या. कोपर काटकोनात वाकवायचं, बट कोपराच्या आतल्या घडीला टेकवायचा, आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज येतंय का बघायचं. हे ढोबळ माप. मग पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, गाल टेकवायचा, डोळे उघडायचे. साइट समोर दिसली तर बट मापाचा. मान हलवावी लागली तर नाही. जाड जॅकेट आणि बुलेटप्रूफ घालून हेच पुन्हा करायचं, कारण त्यांची जाडी बटाच्या लांबीत मिळते आणि खाच एक-दोन घरं पुढे येते. दोन्ही खाचांचे नंबर कोतच्या रजिस्टरमध्ये नावापुढे लिहायचे. एक रकाना वाढवायचा आहे, बाकी काही नाही.

जिथे बट एका लांबीचाच आहे, तिथे आखूड बटाचे काही संच मागवायचे आणि बुटक्या जवानाला आणि कॅडेटला ते द्यायचे. दर फायरिंगआधी आर्मररने स्टॉकचे स्क्रू ठरलेल्या ताकदीने, टॉर्क रेंचने आवळायचे, अंदाजाने नाही. नळी मोकळी ठेवलेली रायफल असेल तर नळी आणि स्टॉक यांच्यामधून एक नोट सरकवून बघायची, अडली तर कुठे अडली ते शोधायचं. एवढं झाल्यावर स्नायपरला चासी द्या, जरूर द्या, उत्तमातली द्या. तिथे तो अर्धा मिनिट कामाचा आहे, कारण त्याच्या मानेतली आणि गालातली गळती आधीच बंद झालेली असते.

त्या मुलीच्या रायफलचा बट मी कापू शकत नव्हतो, सरकारी हत्यार आहे. तिचा झोपण्याचा कोन बदलला, खांद्यावरचं जाड पॅड काढलं, बटावर कापडाची पट्टी गुंडाळून गालाला आधार दिला. ताटलीचा ग्रुप दोन आठवड्यांत वाटीएवढा झाला. ही तडजोड आहे. अर्ध्या-एक इंचाने आखूड बट असता तर पहिल्याच दिवशी झालं असतं. पण "होणार नाही" म्हणणाऱ्याला वाटी दिसली, आणि तिचं नाव यादीत राहिलं.

ग्रुपवरच्या दोन्ही फळ्यांना एवढंच सांगणं : पुढचा फोटो टाकण्याआधी आपापल्या पलटणीतला सगळ्यात बुटका जवान आठवा. त्याचा बट किती लांबीचा होता, त्याला कधी कुणी विचारलं होतं का, तेवढं कॉमेंटमध्ये लिहा. लाकूड की ॲल्युमिनियम, ते नंतर बोलू.

जय हिंद.